दिवाळीनंतरचं रान आणि गोठा: नवीन माणसाने कामं कशी लावून घ्यायची

दिवाळी झाली, सोयाबीन-बाजरी घरात आली, परतीचा पाऊस थांबला आणि सकाळी धारा काढताना हात गारठायला लागले, की गावाकडे नव्याने शेती बघायला आलेल्या माणसाला वाटतं आता महिनाभर निवांत. तसं अजिबात नाही. कार्तिक-मार्गशीर्षात तुम्ही काय पेरता, काय कापून ठेवता, कुठली लस टोचून घेता यावरच ठरतं की वैशाखात जनावरं दावणीला राहणार का बाजारात जाणार. मे महिन्यात जो माणूस कडब्यासाठी चार गावं पालथी घालतो ना, त्याचं गणित नोव्हेंबरमध्येच चुकलेलं असतं.

हे सगळं मी पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, अहिल्यानगर, सोलापूर, बीड, धाराशिव असा कमी पावसाचा पट्टा डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. दोन-चार एकर रान, एक विहीर नाहीतर बोअर, दोन गाया, एखादी म्हैस, एक-दोन कालवडी एवढा पसारा असलेल्या माणसासाठी. कोकणात आणि मावळात पिकं वेगळी, विदर्भात वेगळी, पण चाऱ्याचा हिशोब आणि जनावरांची काळजी सगळीकडे जवळपास तीच.

पहिलं काम: चारा मोजा, बियाणं नंतर आणा

बहुतेक जण उलटं करतात. दुकानात जाऊन बियाणं आणतात, रान पेरून मोकळे होतात आणि उरलेल्या कोपऱ्यात चारा टाकतात. तुम्ही आधी वही घ्या.

मोठ्या दुभत्या जनावराला दिवसाला साधारण १५ ते २० किलो हिरवा चारा आणि ५ ते ६ किलो वाळलेला चारा लागतो, शिवाय खुराक वेगळा. आता समजा दोन संकरित गाया, एक म्हैस आणि एक कालवड आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनअखेर म्हणजे नवीन गवत हाताला लागेपर्यंत अंदाजे २२५ दिवस धरा. तीन मोठी जनावरं गुणिले ६ किलो म्हणजे १८, कालवडीचे ३, असे रोज २१ किलो वाळलेला चारा. गुणिले २२५ म्हणजे पावणेपाच टन. हिरवा रोज ६५-७० किलो धरला तर पंधरा टनाच्या वर जातो. हे आकडे पहिल्यांदा कागदावर बघितले की माणूस गप्प होतो, पण आत्ता बघितलेले बरे, अजून पेरणीला वेळ आहे.

मग घरात काय आहे ते मोजा. कडबा शेकड्यावर विकतात, पण पेंढी केवढी बांधायची हे प्रत्येक गावाचं वेगळं, काही ठिकाणी दीड किलोची पण भरत नाही आणि काही ठिकाणी तीन किलोची असते, त्यामुळे "माझ्याकडे पाचशे पेंढ्या आहेत" या वाक्याला काही अर्थ नाही. ताणकाटा आणा, गंजीच्या मधल्या भागातल्या दहा पेंढ्या तोलून सरासरी काढा. विकत घेताना पण हेच करा, शेकड्याचा भाव किलोत उतरवून बघा, मग कुणाचा कडबा स्वस्त ते कळतं. तोलताना एक-दोन पेंढ्या सोडून मध्ये हात घाला. ऊब लागली, कुबट वास आला किंवा झटकल्यावर काळी-पांढरी भुकटी उडाली तर बुरशी आहे. परतीच्या पावसात भिजलेल्या सरमाडाला (बाजरीच्या वाळल्या ताटांना) आणि भाताच्या पेंढ्याला हे हमखास होतं. असा चारा वाया जातो म्हणून जीव तुटतो हे मान्य, पण तो दुभत्या किंवा गाभण जनावराला घालू नका, बुरशीचं विष दुधात उतरतं आणि गाभ टाकायचीही भीती असते. तो सरळ उकिरड्यावर.

मळणीयंत्रामागे पडलेलं सोयाबीनचं भुसकट बरेच लोक पेटवून देतात, ते करू नका. नुसतं घातलं तर जनावर खात नाही आणि पचायलाही जड, पण कडब्याच्या कुट्टीत मिसळून एकूण वाळल्या चाऱ्याच्या तिसरा हिस्सा चालतं. गव्हाचा भुसा किंवा भाताचा पेंढा असेल तर युरिया प्रक्रिया करा: १०० किलो चाऱ्याला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा, ताडपत्रीवर थर देत झारीने सारखा शिंपडायचा, पायाने दाबायचा आणि प्लॅस्टिकने हवाबंद करून २१ दिवस झाकून ठेवायचा. उघडल्यावर तासभर पसरून ठेवा म्हणजे अमोनियाचा वास उडेल, मग हळूहळू सवय लावा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हा चारा नाही. आणि युरियाचं पाणी कुठल्याही जनावराच्या तोंडाला लागेल असं उघडं ठेवायचं नाही, बादलीभर प्यालं तर वाचवणं अवघड.

दुसरं: विहिरीत पाणी किती आहे ते बघा

दोरीला दगड बांधून सोडा, पाण्याची उंची लिहून ठेवा, मोटर किती तास चालल्यावर विहीर उपसते आणि परत भरायला किती वेळ घेते ते लिहा. डिसेंबर-जानेवारीत हे कमी होत जाणार हे गृहीत धरा. अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारला पावसाळा संपला की गावात पडलेल्या पावसाचा आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरवतात. आख्खं गाव करू शकतं तर एका विहिरीचा हिशोब आपण नक्कीच करू शकतो. आणि त्या हिशोबात जनावरांचं पिण्याचं पाणी आधी वजा करा, दुभत्या जनावराला दिवसाला ६०-७० लिटर तरी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

पाणी मार्चपर्यंत टिकणार असेल तरच गहू. एक-दोन पाणी मिळणार असेल तर हरभरा. पाण्याचा भरवसाच नसेल तर ज्वारी, आणि ती तुम्ही आत्तापर्यंत पेरलेली असायला हवी.

तिसरं: उभी पिकं आणि राहिलेली पेरणी

ज्वारी. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. एकरी ४ किलो बियाणं, वाण म्हणाल तर भारी जमिनीत फुले वसुधा, मध्यमला फुले सुचित्रा, हलकीला फुले अनुराधा किंवा फुले माउली, आणि मालदांडी तर सगळ्यांनाच माहिती. नोव्हेंबर उजाडला आणि पेरणी राहिली असेल तर ज्वारीचा नाद सोडा, उशिराच्या ज्वारीला खोडमाशी पोंगे मारते आणि हातात काही येत नाही, त्या रानात हरभरा किंवा चारापीक घ्या. वेळेत पेरलेल्यांनी आता कोळपणीत हयगय करू नये. तीन कोळपण्या: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात, शेवटची दातेरी कोळप्याने म्हणजे भेगा बुजतात. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं जुनी माणसं म्हणतात ते जिरायत ज्वारी करणाऱ्याने अगदी शब्दशः घ्यायचं, काळ्या जमिनीला भेग पडली की खालची सगळी ओल त्या भेगेतून निघून जाते. संरक्षित पाणी एकदाच देणं शक्य असेल तर पोटरीच्या सुमाराला (कणीस अजून पोंग्यात असताना) द्या, येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या येईपर्यंत पीक त्या अवस्थेत येतं. आणि ज्वारीकडे धान्य म्हणून जेवढं बघता तेवढंच कडबा म्हणूनही बघा, गोठा असणाऱ्या माणसाला बुटक्या वाणाचं कौतुक नको.

हरभरा. बागायत हरभऱ्याची पेरणी २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर, थोडं पुढेमागे चालतं. सोयाबीन निघाल्यावर खोल नांगरू नका, एक वखराची पाळी घालून ओल धरून ठेवा. विजयसारख्या मध्यम दाण्याच्या वाणाला एकरी २५ ते २८ किलो, दिग्विजयसारख्या टपोऱ्याला ४० किलो. घरचं बियाणं असेल तर आधी उगवण तपासा: ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून गोणपाट ओलं ठेवायचं, आणि आठवड्याने मोड आलेले मोजायचे. सत्तरच्या खाली आले तर बियाणं बदला. बीजप्रक्रिया ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम आणि नंतर रायझोबियम, सावलीत सुकवून लगेच पेरणी. मर रोग एकदा रानात आला की फवारून काही होत नाही, म्हणून हे दहा मिनिटांचं काम टाळू नका. खत म्हणून एकरी एक गोणी डीएपी पेरून द्या, वरून युरिया मारायची गरज नसते.

पाणी ३०-३५ दिवसांनी एक आणि ६०-६५ दिवसांनी एक, बस. नवीन माणूस हरभऱ्याला प्रेमाने पाणी पाजत राहतो, पीक हिरवंगार गुडघ्याच्या वर जातं, बघायला छान वाटतं आणि घाटेच लागत नाहीत. घाटेअळीसाठी फुलं दिसायला लागली की पहिली फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काची, एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), आणि पक्ष्यांना बसायला वीसेक काठ्या रोवा, कोतवाल आणि साळुंक्या फुकटात काम करतात.

गहू. वेळेवर पेरणी १ ते १५ नोव्हेंबर, एकरी ४० किलो. उशिरा १५ डिसेंबरपर्यंत चालतो, पण मग बियाणं एकरी ५० ते ६० किलो लागतं आणि उतारा घटतोच. निफाडच्या संशोधन केंद्राचे फुले समाधान, तपोवन, त्र्यंबक हे वाण चांगले चालतात, पाणी कमी असेल तर नेत्रावती. पाणी किती मिळणार यावर कधी द्यायचं ते ठरवा: एकच असेल तर ४०-४२ दिवसांनी, दोन असतील तर २१ आणि ६५, तीन असतील तर २१, ४२ आणि ६५. त्यातलं २१ दिवसांचं पाणी, मुकुटमुळं फुटायच्या वेळचं, दोन किंवा जास्त पाणी असणाऱ्याने चुकवायचं नाही.

कपाशी असेल त्यांनी डिसेंबरअखेर शेवटची वेचणी करून विषय संपवा, फरदड (वेचणी संपल्यावरही पाणी देऊन ठेवलेली कपाशी) ठेवली की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. वेचणी झाली की रानात शेळ्या-मेंढ्या सोडा, राहिलेली किडकी बोंडं त्या खाऊन टाकतात, फक्त त्याआधी पंधरा-वीस दिवसांत फवारणी झालेली नसावी. याच दिवसांत धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांचे कळप, कोकणाकडे निघालेले असतात. पडीक रान असेल तर दोन-तीन रात्री मेंढ्या बसवून घ्या, ठरलेले पैसे नाहीतर धान्य द्या. लेंडीखत आणि मूत जागेवरच पडतं, शेणखत विकत घेऊन ट्रॉलीने आणण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि पुढच्या पिकावर फरक लगेच दिसतो.

चौथं: हिरवा चारा आणि मुरघास

माझ्या मते लहान शेतकऱ्याला गोठा परवडतो का नाही हे इथेच ठरतं. नेपियर गवत, मग फुले जयवंत असो नाहीतर दुसरं काही, थंडीत वाढत नाही. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत हिरव्याची ओढाताण होते आणि माणूस खुराक वाढवत बसतो.

थंडीचा चारा म्हणजे ओट आणि लसूणघास. ओटला एकरी ४० किलो बियाणं, फुले हरिता, फुले सुरभी किंवा केंट, नोव्हेंबरमध्ये पेरलं तर ५०-५५ दिवसांनी पहिली कापणी, जमिनीपासून चार बोटं उंच ठेवून कापा म्हणजे दुसरी मिळते. अर्धा एकर ओट तीन-चार जनावरांचा जानेवारी-फेब्रुवारी काढून देतो. लसूणघास एकरी १० किलो, एकदा पेरला की दोन-तीन वर्षं चालतो, पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी आणि मग दर २५-३० दिवसांनी. सुरुवातीला पाच गुंठे पुरे. बरसीम चांगला पण त्याला पाणी फार, कमी पाण्याच्या भागात त्याच्या मागे लागू नका.

घास घालताना एक काळजी. सकाळी दवात भिजलेला कोवळा घास उपाशी पोटी भरपूर घातला की पोटफुगी होते, डावी कूस ढोलासारखी ताणते, जनावर उठबस करतं, धाप लागते. आधी कडबा, मग घास, आणि घास कापून दोन तास सुकवलेला. पोट फुगलंच तर जनावराला चढाला तोंड करून उभं करा आणि डॉक्टरला बोलवा, नळकांड्याने बळजबरीने काही पाजू नका, ते फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट.

मुरघास म्हणजे हिरव्या चाऱ्याची कुट्टी हवाबंद करून मुरवलेला चारा. आत्ता अर्धा-पाऊण एकर मका खास त्यासाठी टाका. आफ्रिकन टॉल एकरी ३० किलो. थंडीत वाढ हळू असते, त्यामुळे तीन महिने किंवा थोडे जास्त धरा. लष्करी अळीवर लक्ष ठेवा, पोंग्यात लाकडाच्या भुश्शासारखी विष्ठा दिसली की ती आलीय असं समजा आणि लहान असतानाच बंदोबस्त करा.

कापायचं कधी हे कॅलेंडरवर नाही, कणसावर बघायचं. कणीस सोलून मधोमध मोडा आणि तुटलेल्या तोंडाकडचा दाणा बघा. दाण्याचा वरचा भाग पिवळा घट्ट आणि खालचा दुधाळ, आणि दोघांमधली रेषा दाण्याच्या अर्ध्यावर आली की कापणीची वेळ झाली. मग कुट्टी करून मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबून सोडा. बोटांतून पाणी गळलं तर ओल जास्त आहे, चार-पाच तास सुकू द्या. गोळा पटकन विस्कटला तर कोरडं झालंय. हात ओलसर झाला आणि गोळा हळूहळू सुटला तर बरोबर, भरायला घ्या. कुट्टी अर्धा-पाऊण इंचाची, त्याहून मोठी ठेवली तर दाबली जात नाही आणि मध्ये हवा राहते.

सगळं गणित हवेचं आहे. हवा नसेल तर चाऱ्यातल्या साखरेचं आम्ल होतं आणि चारा टिकतो, हवा राहिली तर बुरशी आणि सडणं. म्हणून दर फुटाच्या थराला दाब, खड्डा असेल तर ट्रॅक्टर फिरवा, बॅग असेल तर दोन माणसं आत उतरून कडेकडेने तुडवत राहायचं, कोपरे विशेष. २० फूट लांब, ६ रुंद, ५ खोल एवढ्या खड्ड्यात नीट दाबून अंदाजे नऊ टन बसतो. एका दिवसात नाहीतर फार तर दोन दिवसांत भरून वरून प्लॅस्टिक आणि त्यावर माती किंवा गोण्या टाकून बंद. मक्यात साखर मुळातच भरपूर असते, त्यामुळे महागडी पावडर घेतलीच पाहिजे असं काही नाही. दीड महिन्याच्या आत उघडू नका. उंदीर-घुशींनी भोक पाडलं तर त्याच दिवशी चिकटपट्टी लावा.

चांगला मुरघास पिवळसर हिरवट आणि वासाला आंबट-गोड. काळपट, चिकट, सडका वास असेल तो भाग काढून फेका. पहिल्या दिवशी ४-५ किलो आणि आठवडाभरात वाढवत १५ किलोपर्यंत न्या, आणि धार काढून झाल्यावर घाला नाहीतर दुधाला वास धरतो. मार्चमध्ये भरलेला हा खड्डा मे-जूनला उघडला की तुमचा हिरव्याचा हिशोब बराचसा सुटलेला असतो. एकट्याच्याने होत नसेल तर शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून कुट्टी मशीन भाड्याने आणा, एकाच दिवसात तिघांच्या बॅगा भरून होतात.

पाचवं: बांध आणि माळावरचं गवत

मारवेल, पवन्या, डोंगरी ही गवतं फुलोऱ्यात असताना कापायची असतात, म्हणजे खरंतर ऑक्टोबरमध्ये. नोव्हेंबर उलटला की दाणा पडून गवत पांढरं पडतं आणि त्यात कस राहत नाही. अजून हिरवट असेल ते आठवड्याभरात कापून, एक-दोन दिवस उलटसुलट करून वाळवा, पेंढ्या बांधा आणि दगडाच्या नाहीतर लाकडाच्या ओट्यावर गंजी रचा, जमिनीला टेकवू नका. कुसळी जास्त असलेल्या माळावर आता जनावर सोडू नका, पिकलेली कुसळं तोंडात, हिरड्यांत, शेळ्या-मेंढ्यांच्या तर कातडीत घुसतात.

माळाचा तिसरा हिस्सा दरवर्षी चराईला बंद ठेवा, बी पडू द्या, पुढच्या पावसाळ्यात गवताची दाटी बघा. आणि डिसेंबरच्या आत माळाच्या आणि गंजीच्या भोवती सहा-आठ फूट रुंद पट्टा साफ करून घ्या. फेब्रुवारीत कुणीतरी बांध पेटवतो आणि वर्षाची बेगमी तासाभरात जाते.

सहावं: वाढे आणि किराळ, या दोन गोष्टी नीट वाचा

दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की उसाचे वाढे (हिरवे शेंडे) मोळीने मिळतात, स्वस्त असतात, जनावरं आवडीने खातात. पण त्यात ऑक्झालेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. दोन-तीन महिने नुसत्या वाढ्यांवर ठेवलेली गाय हळूहळू खंगते, दूध तुटतं, माजावर येत नाही, आणि व्यायली की बसते ती उठत नाही. वाढे एकूण हिरव्याच्या निम्म्याच्या वर नेऊ नका, कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडा, आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण खुराकातून द्या. खनिज मिश्रण हा खर्च म्हणून टाळायचा विषय नव्हे, वाढे घालणाऱ्याने तर अजिबात नाही.

किराळ. कापलेल्या खरीप ज्वारीच्या धसकटांना या दिवसांत कोवळे फुटवे येतात. ते, आणि पाण्याचा ताण बसून खुरटलेली ज्वारी, यात सायनाइडसारखं विष तयार होतं. नवीन माणसाकडून अजून एक गोष्ट होते, ज्वारीची विरळणी केली की उपटलेली हिरवी रोपं वाया कशाला घालवायची म्हणून गायीपुढे टाकतो. टाकायची नाहीत. जनावर दहा-पंधरा मिनिटांत धापा टाकायला लागतं, लाळ गळते, थरथरून पडतं. यावर इंजेक्शन आहे आणि शिरेतून वेळेत मिळालं तर जनावर वाचतं, म्हणून घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही, लगेच डॉक्टर, नाहीतर १९६२ या टोल फ्री नंबरला फोन. फुलोऱ्यात आलेली ज्वारी आणि पूर्ण वाळलेला कडबा याला ही भीती नाही.

सातवं: लस, जंत, गोचीड

लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च-एप्रिलला. सरकारी कार्यक्रमात ती मोफत आहे, दवाखान्याची माणसं गावात येतात. तुमचं जनावर राहून गेलं असेल तर आत्ता जाऊन टोचून घ्या, कारण ऊसतोडीच्या बैलगाड्या जिल्ह्याजिल्ह्यातून येतात, हजारो जनावरं एका रस्त्यावर, एका हौदावर, आणि हा रोग तिथूनच पसरतो. वासराला चौथ्या महिन्यात पहिली, महिन्याने बूस्टर. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच असते, वय उलटून गेलं की देता येत नाही. २०२२ ला लम्पीने काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, ती लसही वर्षाला चुकवू नका. लस टोचल्यावर एक-दोन दिवस दूध थोडं कमी होतं, अंग तापतं, त्याला घाबरायचं नाही. कानात बारा आकडी बिल्ला असू द्या, नोंद त्यावरच होते.

जंताचं औषध लसीच्या पंधरा दिवस आधी. दुकानातून आणून अंदाजे पाजण्यापेक्षा शेण तपासून घ्या, कालव्याकाठी आणि भाताच्या भागात गोगलगायींमुळे लिव्हर फ्लूक असतो, त्याला नेहमीचं औषध लागू पडत नाही. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली तर तोच संशय घ्या.

गोचीड फक्त अंगावर मारून संपत नाही. मादी रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली हजारो अंडी घालते. म्हणून फटी सिमेंटने बुजवा, भिंतींना चुना मारा, गोठ्यात आणि अंगावर एकाच दिवशी फवारा आणि दोन-तीन आठवड्यांनी परत. फवारताना कास आणि डोळे सांभाळा, जनावर आधी पाणी प्यालेलं असू द्या. संकरित गायीला ताप हटत नाही, खांद्यासमोरची गाठ सुजलीय, डोळ्याच्या आतली कातडी पांढुरकी पडलीय, असं दिसलं तर गोचीडताप समजून त्याच दिवशी दाखवा.

आठवं: थंडीतला गोठा

गार वाऱ्याच्या बाजूला रात्री गोणपाटाचे पडदे, सकाळी ऊन आलं की वर गुंडाळायचे. चारी बाजूंनी बंद करून ठेवला तर मुताच्या वासाने वासरांना खोकला लागतो. खाली सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट अंथरा, ओलं झालं की उकिरड्यावर, त्याचंच खत होतं. नुकत्या जन्मलेल्या वासराला पुसून कोरडं करा, नाळेला टिंक्चर आयोडीन, आणि पहिल्या तासाभरात चीक. तीस किलोच्या वासराला दिवसभरात मिळून तीन लिटर चीक गेला पाहिजे. जार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तेवढ्या उशिराने वासराची प्रतिकारशक्ती कमी पडते.

धार काढल्यावर जनावर लगेच बसू देऊ नका, सडाची तोंडं अर्धा तास उघडी असतात, समोर चारा टाका म्हणजे उभं राहील. थंडीने सडाला चिरा पडतात, धारेनंतर ग्लिसरीन किंवा लोणी लावा.

म्हशींचा माज याच दिवसांत येतो आणि बऱ्याचदा मुका असतो, ओरडत नाही. पहाटे आणि रात्री उशिरा गोठ्यात एक चक्कर मारा, काचेसारखा स्वच्छ सोट (मागून लोंबणारा चिकट स्राव) दिसतो का बघा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा (रेतन करून घ्या), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीख वहीत लिहा आणि अडीच-तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्या.

उसाच्या पट्ट्यात राहत असाल, जुन्नर, शिरूर, संगमनेर, राहुरी वगैरे, तर तोड सुरू झाली की बिबटे उसातून बाहेर पडतात. वासरं आणि शेळ्या रात्री जाळीच्या दाराच्या बंदिस्त गोठ्यातच, छतापर्यंत जाळी. रात्रीच्या लाईटीवर पाणी द्यायला जाताना एकट्याने जाऊ नका, बॅटरी आणि काठी घ्या, मोबाईलवर आवाज चालू ठेवा.

राहिलं एक कागदाचं काम. रब्बीची ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद, मोबाईलवर स्वतः करा आणि पीकविम्याची मुदत आपल्या पिकाची कधी आहे ते सेवा केंद्रात आत्ताच विचारा, ज्वारीची मुदत गहू-हरभऱ्याच्या आधी संपते. एक रुपयातला विमा २०२५ पासून बंद झालाय, आता रब्बीला विमा रकमेच्या दीड टक्क्यापर्यंत हप्ता भरावा लागतो, तेवढे पैसे बियाण्याच्या खर्चातच धरून बाजूला काढून ठेवा.